वाचून समजले

समोरच्या पक्षाच्या वकिलांनी मोबाईल मॅडमच्या नाकासमोर धरला आणि मी हसले.

हसले म्हणजे लाजून हसले. शाबासकी मिळायच्या जरा आधी माणूस हसतं ना, तसं. कोर्टाचा पहिल्या मजल्यावरचा व्हरांडा, दुपारचे बारा, माझ्या एका काखेत सहा फायली, दुसऱ्या काखेत मॅडमची तांब्याची बाटली, आणि त्या मोबाईलमध्ये आमच्या फाट्यावरचा पंधरा फुटी फ्लेक्स. फ्लेक्सवर मॅडम. काळा कोट, पांढरा बँड, डोक्यामागं सोनेरी गोल आणि गोलामागं वाघ.

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. त्या वाचत होत्या तेवढ्यात मला राहवलंच नाही, मी विचारलं, "आवडला का, मॅडम?"

समोरचे वकील म्हणाले, "अभिनंदन, वकीलबाई. पहिली भेट मोफत आहे म्हणे. मग उद्या मीच येतो." आणि मोबाईल खिशात टाकून अत्तराचा वास मागं सोडून आत गेले.

मॅडम तिथंच उभ्या. मग हळू आवाजात विचारलं, हा कुणी लावला. मी म्हटलं, मीच. कधी. परवा. किती आहेत. मी म्हटलं एकच आहे मॅडम, दुसरा छापायला दिलाय, स्वारगेटला लावायचाय. हे पण मी जरा कौतुकानंच सांगितलं. इतकी मी हुशार.

तेव्हा मॅडमनी माझ्या काखेतल्या फायली स्वतःच्या हातानं काढून घेतल्या, बाटली पण घेतली, आणि म्हणाल्या, "वकिलाला जाहिरात करता येत नाही. सनद जाते. हे आपल्याला माहीत होतं ना? आपण वाचून सही केली होती."

आता बघा, मॅडम मला रोज तू म्हणतात. रागावल्या की आपण म्हणतात. दोन वर्षांत मी दोनदा आपण ऐकलं होतं. एकदा मी एका अशिलाला दुसऱ्याचीच तारीख सांगितली तेव्हा, आणि एकदा माझ्या पोरीनं दाव्याच्या कागदावर खडूनं कोंबडी काढली तेव्हा. पण ह्या वेळचं आपण वेगळं होतं. आणि त्या सहीचं ऐकून मी मॅडमकडं बघायचं सोडून त्यांच्या हातातल्या बाटलीकडं बघायला लागले. कारण सही मी केली होती. वाचलं मात्र नव्हतं. वाचता येतच नव्हतं.

आपण आता निघा आणि तो उतरवा, मॅडम म्हणाल्या. मी निघाले.

शिवाजीनगरहून स्वारगेट, स्वारगेटहून कात्रज, दोन बस. बसमध्ये बसायला जागा होती तरी मी उभीच राहिले, जसं काय उभं राहिल्यानं बस लवकर जाते. डोक्यात एकच, सनद जाते. ती सनद म्हणजे काय ते मला बरोबर माहीत होतं, कारण ऑफिसात भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये ती लावलीय आणि रोज सकाळी मीच ती पुसते. तो कागद आहे म्हणून मॅडम कोर्टात उभ्या राहू शकतात. तो गेला तर पंचवीस वर्षं गेली. आणि ती पंचवीस वर्षं मला तोंडपाठ आहेत. सगळा घोळ त्यातूनच झाला.

मी कामाला लागले तेव्हा पोरगी सात-आठ महिन्यांची होती. कात्रजच्या पुढं आमचं गाव, म्हणजे आता गाव म्हणायचं पण कॉर्पोरेशनमध्ये गेलंय, म्हशी आहेत आणि लिफ्ट पण आहेत. सासूबाई सकाळी दूध घालायला जातात आणि मग दोन घरी पोळ्या करायला. आमचे हे गॅरेजात. पोरीला सांभाळायला कुणी नाही आणि पोरीसकट कामावर कोण घेतंय. सात ठिकाणी विचारलं. आठवं ठिकाण शनिवार पेठेत, लग्नपत्रिकांच्या छापखान्याच्या वर, लाकडी जिना, वर एक वकीलबाई. त्यांनी पोरीकडं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, रडते का. मी म्हटलं नाही. तेवढ्यात ती रडली. मॅडम म्हणाल्या, असू दे, इथं येणारी सगळीच रडतात.

दुसरा प्रश्न होता शिक्षण. मी म्हटलं बारावी. इंग्रजी येतं का. मी म्हटलं येतं ना.

मी दहावी नापास आहे. गणित आणि इंग्रजी. इंग्रजीत मला नऊ मार्क पडले होते आणि त्यातले पाच चित्र बघून उत्तर लिहायचं होतं त्याचे होते. पुन्हा बसणार होते पण स्थळ आलं. हे सगळं त्या जिन्यावर, रडणारी पोर कडेवर घेऊन सांगायचं म्हणजे खाली उतरायची तयारी ठेवूनच सांगायचं. मी बारावी म्हटलं. मराठी टायपिंग मात्र खरंच यायचं, माहेरी चुलत्याच्या दुकानात शिकले होते, त्यामुळं गाडी चालून गेली.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी बारा पानं दिली, दोन प्रती. इंग्रजी. म्हणाल्या, वकिलाच्या ऑफिसात काय चालतं आणि काय नाही ते ह्यात आहे, घाई नाही, घरी ने, आठ दिवस घे, काही कळलं नाही तर विचार. शेवटच्या पानावर मराठीत एकच ओळ होती, वाचून समजले, आणि खाली सहीला जागा. मी दुसऱ्याच दिवशी सही करून आणली. जेवढ्या लवकर आणीन तेवढं हुशार दिसेन असं मला वाटलं. मॅडमना वाटलंही असेल. माझी प्रत मी मांडणीवर स्टीलच्या डब्यांखाली अंथरली, कागद चांगला जाड होता.

तर त्या बारा पानांत सातव्या पानावर लिहिलं होतं की वकिलानं जाहिरात करायची नाही, दुसऱ्याकडून करवून घ्यायची नाही, पाटीसुद्धा केवढी असावी त्याला माप आहे. आणि सातव्या पानावर माझ्याकडं मेथीच्या लाडूंचा डबा होता.

आता फ्लेक्स का लावला ते सांगते. त्याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडत नाही, सगळं माझंच डोकं.

त्या महिन्यात एका कॉलेजानं मॅडमना मुलांपुढं बोलायला बोलावलं होतं आणि परिचय मागितला होता. म्हणजे शिक्षण काय, वकिली किती वर्षं, काय काय केलं. मॅडम डबा खात होत्या. म्हणाल्या, टाईप कर. आणि भातात आमटी कालवत सांगितलं: सनदेला पंचवीस वर्षे पूर्ण. दिवाणी आणि कौटुंबिक दावे. कार्यालय शनिवार पेठ. मी बोटं तशीच ठेवून वाट बघत बसले. मॅडम म्हणाल्या, झालं.

एवढंच? आमच्या गावात शर्यतीच्या बैलाच्या फ्लेक्सवर ह्यापेक्षा जास्त लिहितात.

मला राग आला, खरंच आला. कारण मला माहीत होतं ना. मॅडमचे वडील एसटीत कंडक्टर, तालुक्याच्या गावात पाच भावंडं. मॅडम पुण्याला आल्या, सकाळी लॉ कॉलेज आणि दुपारी टायपिंगच्या क्लासमध्ये दुसऱ्यांना शिकवायच्या. सनद मिळाल्यावर एका मोठ्या वकिलांकडं लागल्या, त्यांनी चार वर्षं फक्त तारखा मागायला उभं केलं. साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख द्यावी. एवढंच वाक्य, चार वर्षं. मॅडम सांगतात, झोपेत कुणी हाक मारली तरी तेच तोंडातून यायचं. आणि मग पहिला स्वतःचा दावा आला, एका म्हातारीच्या पोटगीचा, तर उभ्या राहिल्या आणि आवाजच निघेना. जजसाहेब म्हणाले, बाई, पाणी प्या. मॅडम पुढं गेल्या आणि जजसाहेबांच्याच टेबलावरचा ग्लास उचलून पिऊन टाकला. तेव्हापासून ती तांब्याची बाटली. तो दावा हरल्या. पुढचे दोन पण हरल्या.

कपाटात पंचवीस काळ्या डायऱ्या आहेत. प्रत्येक दाव्यापुढं शेवटी एक शब्द असतो. जिंकला, हरला, नाहीतर घरी गेले. घरी गेले म्हणजे दोघं पक्षकार भांडण मिटवून घरी गेले. मॅडम म्हणतात वकिली मोजायची तर त्या तिसऱ्या शब्दानं मोजावी. हे सगळं मला माहीत आणि जगाला काय, तर दिवाणी आणि कौटुंबिक, कार्यालय शनिवार पेठ. पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी ऑफिसात कुणाचा फोनसुद्धा आला नाही. मॅडमनी मला आणि पोरीला एकेक पेढा दिला आणि दुपारी साक्षीला गेल्या.

आणि आमच्याकडं कुणाच्या पोराला मिसरूड फुटलं तरी फ्लेक्स लागतो.

ह्यांचा एक दोस्त फ्लेक्स छापतो. मी त्याला मजकूर सांगितला, तो म्हणाला वहिनी, असं साधं नाही चालत, चौकात माणूस थांबला पाहिजे. मग आम्ही दोघांनी मिळून मजकूर वाढवला. वाघ त्याचा. कायद्याची वाघीण हे शब्द पण त्याचे. पण घटस्फोट, पोटगी, वाटणी, जागेचे वाद, एकदा भेटा, निकाल तुमचाच, हे माझं. पहिली भेट मोफत, हे पण माझं. कारण मॅडम पहिल्या भेटीचे खरंच काही घेत नाहीत, मला वाटलं लोकांना कळू दे. आणि फोटो खंडेनवमीच्या पूजेतला, त्यात मॅडमच्या खांद्यावर आमच्या फायलींच्या कपाटाचं हँडल आलंय. खाली मोबाईल नंबर. नंबर एवढा मोठा की बसमधून दिसेल.

दिसलाच. समोरचे वकील सातारला निघाले होते.

मी कात्रजला उतरले आणि धावतच फाट्यावर गेले. मला कोर्टात जायचं म्हणून पोरीला त्या दिवशी सासूबाईंकडं ठेवलं होतं; त्या तिला घेऊन तिथंच उभ्या होत्या, दोन दिवस संध्याकाळी गावातल्या बायकांना फ्लेक्स दाखवायला नेत होत्या तशा त्या दिवशी दुपारीच आल्या होत्या. मी म्हटलं, उतरवायचाय. त्या म्हणाल्या, "अगं येडी हायस का? अजून मळ्यातल्या बायांनी बघितला न्हाई."

ह्यांचा दोस्त फोन उचलेना. मग एका टेम्पोवाल्या काकांच्या हातापाया पडून टेम्पो खाली लावला आणि मी टपावर चढले, साडीत. फ्लेक्स तारेनं बांधलेला, तार पिळून पिळून, हातानं सुटेना. वर मी तार उपटतेय, समोर मॅडमचा चेहरा माझ्या तोंडाएवढा जवळ, एक डोळा माझ्या अख्ख्या डोक्याएवढा, आणि तो डोळा माझ्याकडंच बघतोय. खाली पोरगी ओरडतेय मॅ-म, मॅ-म. आणि एक बाई खालून म्हणतेय, अहो थांबा की, नंबर उतरवून घेते. मी वरून ओरडले, घेऊ नका. ती म्हणाली, का, मेल्या का वकीलबाई?

फ्लेक्स पाऊण तासानं उतरला. दुसऱ्याची छपाई थांबवली. मला वाटलं झालं, सुटलो.

तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. टपाल मीच घेते, सही करून. आत इंग्रजी कागद, मला त्यातलं मॅडमचं नाव तेवढं वाचता आलं आणि पाठीमागं जोडलेला तो फोटो. वाघासकट. समोरच्या वकिलांनी वकिलांच्या कौन्सिलकडं तक्रार दिली होती आणि कौन्सिलनं मॅडमना म्हणणं मागितलं होतं, सनद का काढून घेऊ नये.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग कपाटातून माझी ती बारा पानं काढली आणि शेवटचं पान माझ्यापुढं ठेवलं. माझी सही. वळणदार. तेव्हा मी खालून दोन टिंबं पण दिली होती.

मॅडमनी मला समजावून सांगितलं, जसं अशिलाला सांगतात तसं, सावकाश. म्हणाल्या, ते विचारतील की तुमच्या माणसाला नियम माहीत होता का. ही सही सांगते, होता. मग विचारतील, नियम माहीत असून एवढी मोठी पाटी नोकर स्वतःच्या मनानं कशी लावेल, तुम्हीच सांगितलं असणार. म्हणजे ही सही खरी असेल तर माझं कठीण आहे.

आणि थांबल्या. माझ्याकडं बघत राहिल्या. मला आता कळतं की ती जागा त्यांनी माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. मी काय बोलावं त्या जागेत?

"वाचलं होतं, मॅडम," मी म्हणाले. "विसरले."

मॅडम म्हणाल्या, बरं. मग प्रतिज्ञापत्र कर. काय झालं ते शपथेवर लिही. मी शब्द सांगणार नाही, साक्षीदाराला शब्द भरवायचे नसतात. सोमवारी दे.

चार दिवस होते. घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले विसरले असंच लिही, माणूस विसरतं. सासूबाई म्हणाल्या, "नोकरी गेली तर पोरीला कुठं ठिवनार हायस? म्हशीच्या पाठीवर?" आणि ते खरंच होतं. मॅडमच्या टेबलाखाली गोधडी टाकलीय, पोरगी तिथं झोपते, अशील आले की त्यांच्या चपला मोजते. असं दुसरं ऑफिस पुण्यात मला दाखवा. खरं लिहिलं तर मी खोटारडी ठरणार, आणि खोटारड्या माणसाला वकिलाच्या कागदांजवळ कोण बसू देईल? विसरले लिहिलं तर मी फक्त बावळट ठरणार. बावळट ठरायची मला सवय आहे. पण मग सनद.

मी विसरले लिहिलं. शनिवारी सकाळी टाईप करून ठेवलं सुद्धा. आता आमच्या ऑफिसच्या प्रतिज्ञापत्रात नाव, वय, धंदा, पत्ता ह्याबरोबर शिक्षणाची एक ओळ असते. दुसरीकडं नसते म्हणे. मॅडमची सवय आहे ती, माणूस स्वतः वाचू शकतो की त्याला वाचून दाखवायचं हे कागदावरच कळावं म्हणून. त्या ओळीत मी बारावी पास टाकलं. खाली नेहमीची ओळ, वरील मजकूर मी वाचला, समजला. अशा ओळी मी दोन वर्षांत शेकड्यानं टाईप केल्यात. बोटं आपोआप जातात.

दुपारी एक आजीबाई आल्या, वाटणीच्या दाव्यातल्या. शिक्षण काही नाही. मॅडम त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांचं प्रतिज्ञापत्र ओळ ओळ वाचून दाखवायला लागल्या. प्रत्येक ओळीनंतर विचारायच्या, कळलं? आजी म्हणायच्या, कळलं. तिसऱ्या ओळीला आजी म्हणाल्या, "न्हाई कळलं. परत सांगा." मॅडमनी परत सांगितलं. आजी म्हणाल्या, अजून न्हाई. मॅडमनी बांगड्या घेतल्या आजींच्या हातातल्या, टेबलावर मांडल्या, ही थोरल्याची, ही धाकट्याची, ही तुमची, आणि परत सांगितलं. आजी म्हणाल्या, हां, मग असं बोला की. मला आपलं वाटलं तुम्हालाच नीट येत नसेल.

मॅडम हसल्या. वैतागल्या नाहीत. आणि आजी लाजल्या नाहीत. अर्धा तास एका कागदाला गेला.

मी टायपिंग थांबवून बघत बसले होते. हेच मी दोन वर्षं बघत आले. कळलं नाही म्हटलं की ह्या बाई परत सांगतात, बांगड्या मांडून सांगतात. आणि मी त्याच बाईसमोर बारा पानं एका रात्रीत वाचल्याची ऐट करून सही ठोकली. टिंबं देऊन.

आजी गेल्या. मॅडम कोर्टाच्या कामाला बाहेर पडल्या. मी माझा कागद पुसला आणि नव्यानं लिहिला. शिक्षण, दहावी नापास. मला नियमांची बारा पानं मिळाली होती. इंग्रजी येत नसल्यानं मी ती वाचली नाहीत. काही कळलं नाही तर विचार असं मॅडमनी सांगितलं होतं, मी विचारलं नाही. नोकरीला लागताना मी बारावी पास आणि इंग्रजी येतं असं खोटं सांगितलं. फ्लेक्स मी माझ्या मूर्खपणामुळे लावला, मॅडमना माहीत नव्हतं. मग लाडूंचं पण लिहिलं. डबा कुठल्या पानावर होता ते. का लिहिलं देव जाणे, पण शपथेवर लिहायचं म्हटल्यावर काही सोडायला भीती वाटत होती.

सोमवारी कागद मॅडमच्या पुढ्यात ठेवला आणि पोरीची गोधडी घडी घालायला घेतली. पोरीचा ग्लास, खडू, एक चप्पल, सगळं पिशवीत भरलं. दुसरी चप्पल सापडेना, म्हणून टेबलाखाली वाकले होते, तेव्हा वरून मॅडमचा आवाज आला.

"दहावी नापास असं लिहीत नाहीत. नववी पास लिहितात. दुरुस्त कर."

मी टेबलाखालीच थांबले. कर म्हणाल्या होत्या. करा नाही.

"आणि मूर्खपणा हा शब्द काढ. तो सिद्ध करावा लागतो."

मी खालूनच म्हटलं, फोटो जोडलाय की मॅडम. मग पेन्सिल ठेवल्याचा आवाज आला आणि मॅडम म्हणाल्या, लाडवांचं राहू दे.

लाडवांसकट तो कागद गेला. शपथ घ्यायला मी उभी राहिले तेव्हा स्वतःच्या नावालाच अडखळले, म्हणून तिथल्या साहेबांनी विचारलं बाई पाणी हवं का, आणि त्यांच्या टेबलावर ग्लास होता, पण मी नाही घेतला. तेवढं मी शिकले होते.

मधले चार महिने मी सनद दिवसातून दोनदा पुसली. समोरचे वकील कोर्टात भेटले की मॅडमना नमस्कार करायचे, मॅडम त्यांना करायच्या, जसं काही घडलंच नाही. मी मात्र त्यांना बघून खांबामागं जायचे. मग एक पाकीट आलं. मॅडमनी उघडलं, वाचलं, आणि पहिल्यांदा मला इंग्रजी कागदाचं मराठी करून सांगितलं. कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवावे अशी समज देऊन तक्रार बंद. सनद राहिली. मी तिथंच मटकन बसले आणि रडले, आणि पोरगी मला बघून रडली, आणि मॅडम म्हणाल्या, अशील येतील, त्यांना काहीतरी रडायला शिल्लक ठेवा.

फ्लेक्स आता सासूबाईंनी गोठ्यावर घातलाय. छापलेली बाजू आत. म्हणजे म्हैस मान वर करते तेव्हा वर मॅडम आणि वाघ. सासूबाई सांगतात म्हैस दूध जास्त द्यायला लागलीय. मॅडमना हे मी अजून सांगितलेलं नाही.

बारावीचं मॅडम परत कधीच बोलल्या नाहीत. मी वाट बघायचे, आज बोलतील, उद्या बोलतील, आणि न बोलण्यानं मला जास्त धडकी भरायची. आणि मग गेल्या सोमवारी माझ्या टेबलावर एक वही. तीच बारा पानं, पण मराठीत, मॅडमच्या हस्ताक्षरात, एकोणीस पानं झालीत. कधी लिहिली कुणास ठाऊक. शेवटी तीच ओळ, वाचून समजले, आणि खाली जागा. मॅडम म्हणाल्या, आठ दिवस घे.

मी आठ दिवसांत तीनदा वाचली. खरंच वाचली, बसमध्ये, पोरीला भरवताना, एकदा तर गोठ्यात. अठरा पानं समजली. जाहिरातीचं तर असं समजलंय की आता गावात कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला तरी माझे कान गरम होतात. पण चौदाव्या पानावर एक नियम आहे. दोन्ही बाजूंचा संबंध आला तर वकिलानं काय करायचं, असलं काहीतरी. चार ओळी. तीनदा वाचून तीनदा डोक्यावरून गेलं.

आज आठवा दिवस. वही माझ्यापुढं उघडी, पेन हातात, मॅडम समोर डबा खातायत. चार ओळींसाठी विचारलं तर म्हणतील परत सांगते. म्हणतीलच. आजीला सांगितलं तसं सांगतील, बांगड्या मांडून. पण आजीला कुणी वहीभर लिहून दिलं नव्हतं. एवढी एकोणीस पानं माझ्यासाठी हातानं लिहिली आणि तरी हिला कळलं नाही, असं त्यांच्या मनात आलं तर? अठरा पानं कळली म्हणजे कळलंच ना जवळपास. सही केली तर कुणाला कळणारय.

मॅडमनी आत्ता विचारलं, झालं का वाचून?

पेन त्या जागेवर टेकलंय. पहिलं अक्षर अर्धं उमटलंय सुद्धा. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?